विश्लेषण : जाहिरातीत ४८९ किलोमीटर, रस्त्यावर साडेतीनशे… इलेक्ट्रिक कारची रेंज का बदलते? बॅटरी नेमकी कशाने झिजते?

इलेक्ट्रिक कार घेऊ पाहणाऱ्याच्या मनात दोन प्रश्न हमखास असतात. एका चार्जिंगमध्ये गाडी खरोखर किती धावेल आणि गाडीतील सर्वांत महागडा भाग असलेली बॅटरी किती वर्षे टिकेल? पहिल्या प्रश्नाचे उत्तर जाहिरातीतील आकड्यात मिळत नाही. दुसऱ्या प्रश्नाबाबत भीती अधिक आणि माहिती कमी, अशी स्थिती आहे. प्रत्यक्षात या दोन्ही प्रश्नांमागील विज्ञान फारसे अवघड नाही. ते समजून घेतले तर गाडी निवडताना, ती रोज वापरताना आणि पुढे विकतानाही उपयोग होतो.

एकाच गाडीचे दोन आकडे कसे?

टाटा मोटर्सने सप्टेंबर २०२४ मध्ये नेक्सॉन ईव्हीची ४५ किलोवॅट-तास क्षमतेची आवृत्ती बाजारात आणली. तिची प्रमाणित रेंज ४८९ किलोमीटर जाहीर झाली. त्याच वेळी कंपनीने ‘सी७५’ नावाचा दुसरा आकडाही दिला. तो होता साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. ७५ टक्के ग्राहकांना प्रत्यक्ष वापरात किमान एवढी रेंज मिळावी, असा त्याचा अर्थ. म्हणजे गाडी तीच, बॅटरी तीच आणि आकडेही खुद्द कंपनीनेच दिलेले. तरी दोन्हींत शंभराहून अधिक किलोमीटरचा फरक आहे. हा फरक एका कंपनीपुरता किंवा एका मॉडेलपुरता नाही. तो चाचणीच्या पद्धतीत दडलेला आहे.

येथे एक गोष्ट आधी स्पष्ट करायला हवी. बॅटरीची क्षमता किलोवॅट-तासात मोजतात आणि एक किलोवॅट-तास म्हणजे आपल्या वीजबिलावरील एक युनिट. ४५ किलोवॅट-तासांची बॅटरी म्हणजे ४५ युनिट वीज मावणारी टाकी. पेट्रोल कारमध्ये लिटरला जे स्थान आहे, तेच येथे युनिटला.

चाचणीतील किलोमीटर येतात कुठून?

भारतात गाडीची रेंज ‘मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल’ अर्थात एमआयडीसी या पद्धतीने मोजली जाते. पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया म्हणजेच ‘एआरएआय’सारख्या संस्था ही चाचणी करतात. गाडी रस्त्यावर न नेता प्रयोगशाळेतील रोलरवर चालवली जाते. शहरी वाहतुकीची नक्कल करणाऱ्या पहिल्या भागात वेग ताशी ५० किलोमीटरच्या वर जात नाही आणि शहराबाहेरच्या दुसऱ्या भागात तो ९० पर्यंत जातो. तापमान सौम्य असते, एसी बंद असतो, रस्त्यात खड्डे नसतात आणि घाटही नसतो.

अशी चाचणी निरुपयोगी आहे, असे मात्र नाही. दोन गाड्यांची तुलना करायची तर दोघींना सारखीच परीक्षा द्यावी लागते. पण त्या परीक्षेतील गुण म्हणजे रोजच्या वापरातील रेंज नव्हे. युरोपमध्येही अशीच जुनी पद्धत होती. तिच्यावर टीका झाल्यानंतर २०१७ पासून ‘डब्ल्यूएलटीपी’ ही अधिक वेगाची चाचणी आली. त्यात गाडी ताशी १३० किलोमीटरपर्यंत नेली जाते. त्यामुळे एखाद्या परदेशी गाडीची डब्ल्यूएलटीपी रेंज आणि देशी गाडीची एमआयडीसी रेंज शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते.

रस्त्यावर रेंज नेमकी कुठे खर्च होते?

सर्वांत मोठा वाटा वेगाचा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ८० वरून १२० वर नेला की तो दीडपट नव्हे, तर सव्वादोन पट होतो. मध्यम आकाराच्या इलेक्ट्रिक एसयूव्हीचे ढोबळ गणित मांडले तर ताशी ८० च्या स्थिर वेगाला १०० किलोमीटरमागे सुमारे १३ युनिट लागतात, १०० च्या वेगाला १७ आणि १२० च्या वेगाला २१. गाडीनुसार हे आकडे थोडे बदलतील, पण प्रमाण साधारण हेच राहील. म्हणजे ४५ युनिटची जी गाडी ८० च्या वेगाने साडेतीनशे किलोमीटरच्या जवळ जाते, तीच १२० च्या वेगाने सव्वादोनशेचाही टप्पा गाठत नाही.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे आणि तेथे कारसाठी वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. वरील गणितानुसार सतत १२० ने गेल्यास पूर्ण प्रवासाला सुमारे १४७ युनिट लागतील. गाडी पूर्ण चार्ज करून निघाले आणि वाटेत दर वेळी १० ते ८० टक्के असे फास्ट चार्जिंग केले, तर चार थांबे घ्यावे लागतील. १०० ने गेल्यास सुमारे ११९ युनिटमध्ये काम होते आणि थांबे तीन. वेगामुळे प्रत्यक्ष चालवण्याचा वेळ सुमारे ७० मिनिटांनी कमी होतो, पण त्यातील ४० मिनिटे जादा थांब्यातच जातात. चार्जरवर रांग असेल तर उरलेला फायदाही संपतो.

दुसरा खर्च चढाचा. खोपोली ते लोणावळा हा चढ साधारण साडेपाचशे मीटरचा आहे. माणसांसह १७०० किलो वजनाची गाडी तेवढी वर नेण्यासाठी नेहमीच्या खर्चाखेरीज जवळपास तीन युनिट लागतात. म्हणजे ४५ युनिटच्या बॅटरीतील सहा-सात टक्के वीज केवळ घाट चढण्यात जाते. उतरताना मोटर जनित्रासारखी चालते आणि त्यातील बराचसा भाग बॅटरीत परत येतो. त्यामुळे मुंबईहून पुण्याला जाताना आणि पुण्याहून मुंबईला येताना एकाच गाडीची रेंज वेगळी दिसते. यात एक मेख आहे. बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर परत आलेली वीज ठेवायला तिच्यात जागाच नसते. लोणावळा, महाबळेश्वरसारख्या ठिकाणी रात्री गाडी पूर्ण चार्ज करून सकाळी थेट घाट उतरणाऱ्यांना हा फायदा मिळत नाही. शिवाय मोटरचा रोधही नेहमीपेक्षा कमी जाणवतो.

तिसरा खर्च एसीचा. येथे हिशेब किलोमीटरचा नसून तासाचा असतो. कडक उन्हाळ्यात एसी तासाला दीड युनिट घेत असेल, तर ताशी ८० च्या वेगात १०० किलोमीटरमागे तो खर्च दोन युनिटपेक्षा कमी भरतो. पण शहरातील कोंडीत ताशी २० च्या वेगाने सरकताना तोच खर्च १०० किलोमीटरमागे साडेसात युनिटवर जातो. शहरात इलेक्ट्रिक कार काटकसरीने चालते, हे खरेच. मात्र मे महिन्यातील दुपारची कोंडी त्याला अपवाद ठरते.

स्क्रीनवरची रेंज सारखी वर-खाली का होते?

गाडीच्या पडद्यावर दिसणारे ‘उरलेले किलोमीटर’ हे मोजमाप नसून अंदाज असतो. बॅटरीत किती युनिट उरले आणि अलीकडच्या काही किलोमीटरमध्ये गाडीने किती युनिट खर्च केले, या दोन गोष्टींवरून तो काढला जातो. घाट चढून आल्यावर तो निराशाजनक दिसतो, तर घाट उतरल्यावर अचानक वाढतो. म्हणून लांबच्या प्रवासात किलोमीटरऐवजी उरलेली टक्केवारी आणि १०० किलोमीटरमागचा खर्च पाहणे अधिक भरवशाचे. काही गाड्यांत हा खर्च ‘वॅट-तास प्रति किलोमीटर’ असा दिसतो. तेथे १५० म्हणजे १०० किलोमीटरला १५ युनिट.

टक्केवारीचा आकडाही पूर्णपणे निर्दोष नसतो. भारतात सध्या बहुतेक इलेक्ट्रिक कारमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेट अर्थात ‘एलएफपी’ प्रकारची बॅटरी असते. तिचा व्होल्टेज २० टक्क्यांपासून ८०-९० टक्क्यांपर्यंत जवळपास सारखाच राहतो. घरच्या गॅस सिलिंडरसारखेच हे आहे. ज्योतीकडे पाहून सिलिंडर अर्धा आहे की पाव, हे कळत नाही; ती शेवटपर्यंत तशीच जळते. त्यामुळे बॅटरीचे नियंत्रण करणारी यंत्रणा, म्हणजे ‘बीएमएस’, आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची बेरीज-वजाबाकी करत राहते. या हिशेबात हळूहळू चूक साचते. बॅटरी १०० टक्के भरली की व्होल्टेज एकदम वर चढतो आणि बीएमएसला आपली वही जुळवून घेता येते. एलएफपी बॅटरी अधूनमधून पूर्ण चार्ज करा, असे कंपन्या सांगतात ते यासाठीच.

८० टक्क्यांनंतर फास्ट चार्जिंग मंद का होते?

डेपोत नुकतीच लागलेली रिकामी एसटी आठवा. पहिले प्रवासी पटापट आसने पकडतात. गाडी भरत आली की प्रत्येकाला रिकामी जागा शोधत मागे जावे लागते. चार्जिंगच्या वेळी लिथियमचे आयन ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात, तेव्हा नेमके हेच घडते. सुरुवातीला जागा भरपूर असल्याने वेगाने वीज भरता येते. पुढे जागा कमी होते आणि तोच वेग कायम ठेवला तर आयन आत शिरण्याऐवजी पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात. त्याने बॅटरी कायमची झिजते आणि सुरक्षिततेलाही धोका पोहोचतो. म्हणून बीएमएस स्वतःहूनच वेग कमी करते.

त्यामुळे महामार्गावर ८० टक्क्यांना चार्जर सोडणे फायद्याचे असते. शेवटच्या २० टक्क्यांसाठी अनेकदा आधीच्या ७० टक्क्यांइतकाच वेळ जातो. तेवढ्यात पुढील चार्जर गाठता येतो आणि मागे उभ्या असलेल्यालाही जागा मिळते. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करण्याचे उद्दिष्ट आहे. ते जसजसे प्रत्यक्षात येईल, तसतशी छोट्या-छोट्या थांब्यांची ही पद्धत अधिक सोपी होईल.

घरच्या चार्जिंगबद्दलही एक गैरसमज आहे. साध्या १५-१६ अँपिअरच्या सॉकेटवर ४५ युनिटची बॅटरी पूर्ण भरायला सुमारे १५ तास लागतात, हे ऐकून अनेक जण बिचकतात. पण वर्षाला १२ हजार किलोमीटर गाडी चालवणाऱ्याचा रोजचा सरासरी प्रवास ३३ किलोमीटर असतो. त्याला लागणारी पाच युनिट वीज याच सॉकेटवर दोन तासांच्या आत भरली जाते. चार्जिंगमध्ये सुमारे दहा टक्के वीज उष्णतेच्या रूपात वाया जाते. त्यामुळे मीटरवरचे युनिट बॅटरीत गेलेल्या युनिटपेक्षा थोडे जास्त दिसतात. तो मीटरचा दोष नव्हे. घरी किंवा कार्यालयात असलेल्या वीजजोडणीवरूनच गाडी चार्ज करण्यास केंद्र सरकारच्या सप्टेंबर २०२४ मधील मार्गदर्शक सूचनांनुसार मुभा आहे.

बॅटरी झिजते म्हणजे नेमके काय होते?

बॅटरी चालवण्यासाठी लिथियमचे आयन दोन टोकांमध्ये ये-जा करत राहावे लागतात. ग्राफाइटच्या टोकावर पहिल्याच चार्जिंगला एक अतिशय पातळ थर तयार होतो. हा थर आवश्यकच असतो. तो नसेल तर आतील द्रावण विघटित होत राहील. पण तो हळूहळू जाड होत जातो आणि प्रत्येक वेळी थोडे लिथियम त्यात कायमचे अडकते. जेवढे लिथियम अडकले, तेवढी क्षमता कमी झाली. मोबाइल दोन-तीन वर्षांनी दुपारीच मान टाकतो, त्यामागे हीच क्रिया असते. कारची बॅटरी मात्र मोबाइलपेक्षा अधिक काळजीने वापरली जाते. तिला तापमानाचे नियंत्रण असते, वर-खाली थोडी क्षमता राखून ठेवलेली असते आणि ती रोज शून्यावर जात नाही.

प्रत्यक्ष अनुभव काय सांगतो? वाहनांची माहिती गोळा करणाऱ्या कॅनडातील जिओटॅब या कंपनीने सहा हजारांहून अधिक इलेक्ट्रिक वाहनांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये झिजेचा वार्षिक सरासरी वेग २.३ टक्के असल्याचे सांगितले. २०२४ मधील विश्लेषणात नव्या गाड्यांसह तो १.८ टक्के निघाला. म्हणजे साधारण आठ वर्षांनी नव्या बॅटरीची ८० ते ८५ टक्के क्षमता शिल्लक राहते. ही सरासरी आहे. गाडी, हवामान आणि वापर यांनुसार ती बदलते.

धावून जास्त झिजते की उभी राहून?

झीज दोन प्रकारची असते. एक वापराची, म्हणजे चार्ज आणि डिस्चार्जच्या चक्रांची, दुसरी वयाची. सर्वसाधारण ग्राहकाला पहिल्या झिजेची चिंता वाटते. आकडे पाहिले तर चित्र वेगळे दिसते. रस्त्यावरील रेंज ३०० किलोमीटर धरली तर वर्षाला १२ हजार किलोमीटर म्हणजे केवळ ४० पूर्ण चक्रे. एलएफपी सेल प्रयोगशाळेत दोन हजारांहून अधिक चक्रे सहज पार करतात. नुसत्या चक्रांचा हिशेब केला तर ही बॅटरी ५० वर्षे चालायला हवी. ती तेवढी चालत नाही, कारण गाडी उभी असतानाही बॅटरीचे वय वाढतच असते.

उलट धावण्याचा त्रास समजला जातो त्यापेक्षा कमी असल्याचे दिसून आले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठ आणि एसएलएसी प्रयोगशाळेतील संशोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये ‘नेचर एनर्जी’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रत्यक्ष रस्त्याप्रमाणे वेग वाढवत-कमी करत वापरलेल्या बॅटऱ्या एकसारख्या दराने वापरलेल्या बॅटऱ्यांपेक्षा ३८ टक्क्यांपर्यंत अधिक टिकल्याचे आढळले.

वयाची झीज वाढवणाऱ्या गोष्टी मुख्यत्वे दोन. तापमान आणि भरलेली अवस्था. रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो, हा ढोबळ नियम येथेही लागू पडतो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर आतील रसायनांवरील ताणही जास्त असतो. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, म्हणजे १०० टक्के भरलेली गाडी दिवसेंदिवस उन्हात उभी राहिली, तर झीज सर्वाधिक होते.

याचा धडा अमेरिकेत मिळाला होता. निसान लीफ ही मोठ्या संख्येने विकली गेलेली पहिली आधुनिक इलेक्ट्रिक कार २०१० च्या अखेरीस बाजारात आली. तिच्या बॅटरीला द्रवरूप शीतकरण नव्हते. उन्हाळ्यात चाळिशी सहज ओलांडणाऱ्या अॅरिझोना राज्यातील मालकांनी २०१२ मध्ये क्षमता झपाट्याने घटल्याच्या तक्रारी केल्या. थंड प्रदेशात तीच गाडी बरी चालत होती. अखेर कंपनीला बॅटरीच्या क्षमतेचीही हमी द्यावी लागली. पाच वर्षे किंवा ६० हजार मैलांच्या आत पडद्यावरील १२ पैकी ९ पट्ट्यांपेक्षा क्षमता कमी झाली, तर दुरुस्ती वा बदल करून देण्याची ही हमी होती.

नागपूर, चंद्रपूर, अकोला, जळगाव येथील ग्राहकांसाठी हे उदाहरण महत्त्वाचे आहे. भारतात आता बहुतेक इलेक्ट्रिक कारच्या बॅटरीला द्रवरूप शीतकरण असते, मात्र काही छोट्या गाड्यांत ते नसते. विदर्भ-खानदेशात गाडी घेताना रेंजच्या आधी हा प्रश्न विचारायला हवा. सावलीतील पार्किंग हाही तेथे केवळ सोयीचा मुद्दा नाही. त्यावर बॅटरीचे आयुष्यही काही प्रमाणात अवलंबून असते.

मग रोज ८० टक्के चार्ज करावे की १००?

उत्तर बॅटरीच्या प्रकारावर अवलंबून आहे. निकेल, मँगनीज आणि कोबाल्ट असलेली ‘एनएमसी’ बॅटरी कमी वजनात अधिक वीज साठवते, पण पूर्ण भरलेल्या अवस्थेत ती लवकर झिजते. तिच्यासाठी रोज ८० टक्क्यांची मर्यादा आणि लांबच्या प्रवासाआधीच १०० टक्के, हा सल्ला योग्य ठरतो. एलएफपी बॅटरी अधिक सोशिक आहे आणि वर सांगितल्याप्रमाणे टक्केवारीचा हिशेब जुळवण्यासाठी तिला अधूनमधून पूर्ण भरावे लागते. काही कंपन्या आठवड्यातून एकदा असे सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते प्रमाण मानावे.

पण याचा अर्थ एलएफपी बॅटरी सतत १०० टक्क्यांवर ठेवणे उत्तम, असा होत नाही. पूर्ण भरलेल्या अवस्थेत राहिल्यास तीही अधिक झिजते, असे अलीकडच्या प्रयोगांतून दिसले आहे. यातून सोपा मार्ग असा : पूर्ण चार्जिंग अशा वेळी करावे की त्यानंतर लवकरच गाडी बाहेर निघेल. रविवारी सकाळी फिरायला जायचे असेल तर शनिवारी रात्री १०० टक्के करणे योग्य. गावाला जाताना गाडी तीन आठवडे इमारतीखाली पूर्ण चार्ज करून ठेवणे अयोग्य. दीर्घकाळ उभी ठेवायची असेल तर ती ५० टक्क्यांच्या आसपास ठेवावी. अगदी शून्याजवळ ठेवणेही धोक्याचे, कारण उभ्या गाडीतही थोडी वीज खर्च होत राहते.

फास्ट चार्जिंगने बॅटरी खराब होते का?

अधूनमधून केल्याने नाही. वर्षातून दहा-वीस वेळा प्रवासात फास्ट चार्जर वापरणाऱ्याने काळजी करण्याचे कारण नाही. मात्र रोजचे चार्जिंग केवळ त्यावरच होत असेल, तर उष्णता आणि जास्त दाबाचा विद्युतप्रवाह यामुळे झीज वाढते. टॅक्सीसाठी गाडी वापरणारे आणि सोसायटीत चार्जिंगची सोय नसलेले यांना हा प्रश्न प्रत्यक्ष भेडसावतो. त्यांच्यासाठी पर्याय म्हणजे ८० टक्क्यांवर थांबणे, तळपत्या दुपारऐवजी सकाळी किंवा रात्री चार्ज करणे आणि शक्य असेल तेथे मंदगती एसी चार्जर वापरणे. या दृष्टीने सोसायटीने पार्किंगमध्ये साधा पॉइंट देणे हा केवळ सोयीचा विषय राहत नाही. बॅटरीचे आयुष्य आणि गाडीची पुनर्विक्री किंमतही त्याच्याशी जोडलेली आहे.

हमीपत्रात काय पाहावे?

ब्लूमबर्गएनईएफ या संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये लिथियम बॅटरीची जागतिक सरासरी किंमत किलोवॅट-तासाला ११५ डॉलर होती. त्या हिशेबाने ४५ युनिटच्या बॅटरीची घाऊक किंमतच चार लाख रुपयांच्या पुढे जाते. ग्राहकाला ती बदलताना यापेक्षा जास्त मोजावे लागतात. म्हणून हमीपत्र बारकाईने वाचणे आवश्यक आहे.

भारतात आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर ही हमी बराच काळ रूढ होती. आता काही कंपन्या आयुष्यभराची हमी देतात. पण त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. ‘आयुष्यभर’ म्हणजे किती वर्षे? काही हमींमध्ये ती पहिल्या नोंदणीपासून १५ वर्षे अशी मर्यादित आहे. ही हमी केवळ पहिल्या मालकापुरती आहे का आणि गाडी विकल्यावर दुसऱ्या मालकाला काय मिळते? आणि सर्वांत महत्त्वाचे, क्षमता किती टक्क्यांखाली गेल्यावर हमी लागू होते? बॅटरी बंद पडणे वेगळे आणि तिची क्षमता घटणे वेगळे. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील २०२२ च्या जागतिक तांत्रिक नियमात पाच वर्षे किंवा एक लाख किलोमीटरपर्यंत ८० टक्के आणि आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरपर्यंत ७० टक्के क्षमता, असा किमान टिकाऊपणा ठरवला आहे. आपल्या हमीपत्रातील शब्द या मोजपट्टीवर तपासून पाहता येतात.

जुनी इलेक्ट्रिक कार घेताना बॅटरी कशी तपासावी?

अधिकृत सेवा केंद्रातून बॅटरीच्या आरोग्याचा, म्हणजे ‘स्टेट ऑफ हेल्थ’चा लेखी अहवाल मागणे हा उत्तम मार्ग. तो मिळत नसेल तर एक साधी चाचणी करता येते. गाडी ९० टक्क्यांपासून २० टक्क्यांपर्यंत चालवावी आणि ट्रिप मीटरवर अंतर व सरासरी खर्च पाहावा. समजा, गाडी १८० किलोमीटर धावली आणि सरासरी खर्च १०० किलोमीटरला १५.५ युनिट दिसला. म्हणजे ७० टक्क्यांत २७.९ युनिट खर्च झाले. त्यानुसार पूर्ण बॅटरीत सुमारे ४० युनिट मावतात. मूळ क्षमता ४५ असेल तर आरोग्य ८९ टक्क्यांच्या आसपास. हा अंदाज दोन-चार टक्क्यांनी चुकू शकतो; पण ८९ आणि ७० यांतील फरक तो निश्चित दाखवतो. केवळ पडद्यावरची रेंज पाहून किंमत ठरवणाऱ्याला मात्र हा फरक कळणार नाही.

ओडोमीटरवरचा आकडा येथे पेट्रोल गाडीइतका निर्णायक नसतो. रोज महामार्गावर धावलेली, सावलीत उभी राहिलेली आणि घरी चार्ज झालेली ८० हजार किलोमीटरची गाडी, वर्षानुवर्षे उन्हात पूर्ण चार्ज करून उभ्या असलेल्या २० हजार किलोमीटरच्या गाडीपेक्षा चांगल्या स्थितीत असू शकते. विक्रेत्याला म्हणूनच ‘किती धावली?’ याबरोबर ‘कुठे उभी असायची आणि कशी चार्ज व्हायची?’ हेही विचारावे.

खरेदीपूर्वी हिशेब कसा करावा?

प्रथम आपला रोजचा प्रवास आणि वर्षातील सर्वांत लांबचा नेहमीचा प्रवास लिहून काढावा. मग बॅटरीचे युनिट पाहावेत. शहरात आणि मध्यम वेगात १०० किलोमीटरला १३ ते १५, महामार्गावर १७ ते २१ युनिट धरावेत. त्यातून वरची-खालची मिळून ३० टक्के क्षमता वजा करावी; कारण महामार्गावर १० ते ८० टक्के हाच प्रत्यक्ष वापराचा पट्टा असतो. आठ वर्षांनंतरच्या झिजेसाठी आणखी १५ ते २० टक्के सोडावेत. एवढे करूनही उरलेले किलोमीटर आपल्या गरजेला पुरत असतील, तर ती गाडी आपल्यासाठी पुरेशी आहे. ४५ युनिटच्या बॅटरीतून या हिशेबाने आठ वर्षांनंतरही महामार्गावर दोन थांब्यांमध्ये सव्वाशे ते दीडशे किलोमीटर मिळतात. मुंबई-पुणे करणाऱ्याला तेवढे पुरते. दर आठवड्याला नागपूरला जाणाऱ्याने मात्र मोठ्या बॅटरीचा विचार करावा.